प्लायवूडचं क्षितिज

आधीच सांगून ठेवते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. शप्पथ! खोटं बोलत असेन तर ही कवळी आत्ताच्या आत्ता माझ्या घशात अडको. हसताय काय? मागे ती विहिरीतल्या माशाची गोष्ट सांगितली तेव्हा मी नुसती गळ्याची चिमूट धरली होती, आणि चिमूट धरताना मी बोटं सैल ठेवते. कवळीची शप्पथ वेगळी. ती मी सहसा घेत नाही, नवी करायची म्हटली की दंतवैद्य फार खेपा घालायला लावतो.

तर आमच्याकडे तारांगण बांधायला घेतलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. तारांगण हा शब्दच कोणी ऐकला नव्हता. रस्त्याच्या टोकाला एक भलामोठा घुमट उभा राहत होता, पालथ्या घातलेल्या टोपासारखा, आणि येणारा-जाणारा त्याच्याखाली थांबून आपली अक्कल पाजळत होता. कोणी म्हणे गोदाम, कोणी म्हणे पाण्याची टाकी. आमची आत्या म्हणाली, "टाकी आहे तर मेल्यांनी पालथी का घातलीय?" मग पेपरात आलं की आत बसून भर दुपारी चांदण्या बघायला मिळणार. आत्या म्हणाली, "उन्हात अर्धा तास रांगेत उभं राहिलं की मला तशाही चांदण्या दिसतात."

आमचे बाबा सुतार. गावात त्यांना 'नजरमाप' म्हणायचे. टेप त्यांच्या खिशात असायची, पण ती आपली शोभेला. लांबून दाराकडे बघून सांगायचे, "खालच्या बाजूला दोन सूत कमी आहे," की तिथे दोन सूत कमीच असायचं. दारात पाहुणा उभा राहिला की त्याची उंची सांगायचे, आणि चुकलेच तर समजावं, पाहुण्यानं बूट काढलेत. या नजरेचा त्यांना भारी अभिमान. दुसरं कशाचंच नव्हतं त्यांच्याकडे, ना जागा, ना मोठं दुकान. पण बाबांनी एकदा बघितलं म्हणजे बघितलं, त्यावर वाद नाही, असं सगळेच मानायचे.

एक दिवस तारांगणाच्या व्यवस्थापकांनी त्यांना बोलावून घेतलं. साहेब म्हणाले, "आम्हाला क्षितिज बनवून हवंय."

बाबा म्हणाले, "करू की. लाकूड कुठलं लावायचं?"

साहेब आधी हसले, मग म्हणाले, "प्लायवूड."

काम असं होतं. घुमटाच्या आत, जिथे गोल भिंत संपते आणि आभाळ सुरू होतं, तिथे चारी बाजूंनी काळ्या फळ्या उभ्या करायच्या. त्या फळ्यांचा वरचा काठ आमच्या गावाच्या आकाराचा कापायचा. शाळा, घड्याळाचा मनोरा, पिठाची गिरणी, एकूण एक छप्पर. म्हणजे अंधार झाला की बसलेल्या माणसाला वाटलं पाहिजे, आपण आपल्याच गावातल्या एखाद्या गच्चीवर बसलोय आणि भोवती आपलीच घरं आहेत. साहेबांच्या कागदावर त्याला 'क्षितिज' लिहिलं होतं. बाबा त्याला कुंपण म्हणायचे.

तीन महिने आम्ही दोघं तिकीटघराच्या गच्चीवर होतो. बाबांनी एक घोडी केली, तिला हनुवटी टेकवायला खुंटी, आणि पुढे चौकटी कोरलेली उभी काच. खुंटीवर हनुवटी ठेवायची, एक डोळा मिटायचा, आणि काचेतून जसं दिसेल तसं साबणाच्या तुकड्यानं काचेवर गिरवायचं. मग मी काचेवरच्या चौकटी मोजून ते सगळं मोठं करून प्लायवूडवर उतरवायची, बाबा कापायचे, मी ओल्या फडक्यानं काच पुसायची आणि घोडी जराशी फिरवायची. अशा बत्तीस फळ्या झाल्या. माझा हात हलका, म्हणून धुराडी आणि कठडे असं बारीक कापकाम माझ्याकडे. बारीक पात्याची एक करवत बाबांनी माझ्या मुठीला बसेल अशी मूठ घालून दिली होती.

एकोणिसाव्या फळीवर आमचं घर आलं.

लाँड्रीचं धुराडं, मग आम्ही, मग लाकडाची वखार. आमचं घर म्हणजे काय सांगू तुम्हाला. छप्पर मधे असं बसलं होतं, जसं कोणी जाडजूड माणूस त्यावर तासभर बसून उठलंय. वर तेलाच्या डब्याचं धुराडं, तेही कललेलं, आणि त्याची टोपी तारेनं बांधलेली. सगळ्या गावाची छपरं बाबांनी सरळ केली, आमच्याची पाळी कायम 'पुढच्या महिन्यात'. पण त्या दिवशी बाबा काचेला नाक लावून बसले ते उठेनात. "डब्याची टोपी नीट आली पाहिजे," म्हणाले, "तुझ्या आईला तिचं स्वयंपाकघर ओळखू आलं पाहिजे." ती फळी त्यांनी मला कापू दिली नाही. टोपीसुद्धा स्वतः कापली, जीभ दातांत धरून.

काम संपलं, आणि व्यवस्थापकांनी मला आत नोकरीला ठेवून घेतलं. कागदोपत्री मी 'आसनमार्गदर्शिका'. लोक बॅटरीवाली म्हणायचे. गडद निळा कोट, पितळी बटणं, हातात बॅटरी. अंधारात उशिरा येणाऱ्याला खुर्ची दाखवायची आणि मधेच उभं राहणाऱ्याला खाली बसवायचं. आम्ही दोघी होतो. दुसरी घड्याळवाल्याची मुलगी. तिचं घर म्हणजे चौकातली ती मनोऱ्याची इमारत. तिचे बूट माझ्या बुटांसारखेच होते, पण तिचे वाजायचे नाहीत. मला तिच्यासारखं चालायचं होतं, तिच्यासारखं रुमालात शिंकायचं होतं. तुम्हाला वाटेल, वेडीच होती. होतेच.

उद्घाटनाच्या आधी रंगीत तालीम झाली. मधोमध ते यंत्र, दोन्ही टोकांना मोठी गोल डोकी आणि खाली बारीक पाय, अगदी मुंगळ्यासारखं. आम्ही त्याला मुंगळाच म्हणायचो. दिवे हळूहळू उतरले, फळ्यांच्या मागे तांबडा उजेड राहिला, आणि त्या उजेडावर आमचं अख्खं गाव काळं-काळं उमटलं. माझ्या अंगावर काटा आला. मी कापलेला शाळेचा कठडा मला दिसत होता.

घड्याळवाल्याची मुलगी माझा दंड धरून म्हणाली, "अय्या, ते बघ आमचं!" मग बॅटरीनं दुसरीकडे दाखवत, "आणि ते काय गं? लाँड्रीच्या शेजारी? म्हैस बसलीय का कोणाची?"

आता मी काय म्हणायला हवं होतं? माझं घर आहे ते, एवढंच. चार शब्द झाले असते.

मी म्हटलं, "म्हैस नाही गं, खुराडं असेल कोंबड्यांचं. तो वरचा डबा बघ ना."

ती इतकी हसली की तिला उचकी लागली. आणि खरं सांगू का, मला बरं वाटलं. मी तिला हसवलं म्हणून मला चक्क बरं वाटलं.

पण मग त्या खुराड्याचा पायंडाच पडला. रोज तालमीला ती बॅटरी मारून विचारायची, "खुराडं जागेवर आहे ना?" मुंगळा चालवणारा हसायचा, तिकीट फाडणारा हसायचा, मी सगळ्यांत आधी हसायची. आणि घरी बाबा रोज आईला सांगत होते, "पहिल्या रविवारी जायचं. साहेबांनी पास दिलेत. तुला दाखवतो, लाँड्रीनंतर लगेच आपण." बाबांचा आवाज मोठा. करवतीच्या आवाजात आयुष्य गेलं, सगळ्याच सुतारांचा मोठा असतो. भरल्या घुमटात ते ओरडणार, "ते बघ आपलं घर!" आणि घड्याळवाल्याची मुलगी माझ्याकडे बघणार.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, दुपारी, सगळे जेवायला गेले तेव्हा मी आत गेले. फळ्यांच्या मागे दिवे लावायला एक बोळकांडी ठेवली होती, एक माणूस आडवा सरकेल एवढी. स्टूल घेतलं, एकोणिसाव्या फळीपाशी उभी राहिले आणि बाबांनी माझ्या मुठीसाठी केलेली करवत लावली. लाकूड कापताना एवढा आवाज होतो हे मला तोपर्यंत कधी कळलंच नव्हतं. लाँड्रीपासून वखारीपर्यंत सरळ रेघ. डब्याची टोपी सगळ्यांत शेवटी हातात आली. कापलेला काठ पॉलिशपेपरनं घासला आणि त्यावर माझ्या बुटांचं काळं पॉलिश लावलं. तुकडा माझ्या हाताएवढा लांब होता, तो कोटात घालून घरी नेला आणि गादीखाली ठेवला. म्हणजे बघा, घर मी घरातच लपवलं.

मग तारांगण उघडलं आणि गाव वेडं झालं.

रांग इतकी की शेपटाला उभ्या राहिलेल्या माणसाची दाढी आत येईपर्यंत वाढायची. एका जोडप्याची रांगेत ओळख झाली, आणि आत शिरताना ते लग्नाची तारीख ठरवत होते. हसा, हसा. उल्का पडायला लागल्या की एक म्हातारे गृहस्थ छत्री उघडायचे. अंडीवाल्याच्या पिशवीत कोंबडा होता, घुमटात पहाट झाली की तो आरवला. अंडीवाल्याला गंमत वाटली, तो दिवसाच्या तिन्ही खेळांना कोंबडा घेऊन यायला लागला, आणि आठवड्याभरात त्या पाखराला दिवस कुठला नि रात्र कुठली काही कळेना. शेवटी ते आरवायचंच थांबलं. माणसं सूर्योदयाला टाळ्या वाजवायची. बाहेर फुकट होणाऱ्या सूर्योदयाला कोणी कधी वाजवल्या होत्या?

तारे समजावून सांगायला एक शिक्षक होते, आम्ही त्यांना 'वरबघा सर' म्हणायचो. कारण त्यांचा जीव तोडून एकच घोष, "मंडळी, वर बघा!" आणि मंडळी काही केल्या वर बघायची नाहीत. तीन हजार तारे डोक्यावर, आणि लोक कुंपणाकडे बोटं दाखवतायत! "ते आपलं!" "अगं, नाही, ते शेजाऱ्यांचं, आपलं त्याच्या पलीकडे." "बघ, गच्चीवरचा माठ पण काढलाय!" सर म्हणायचे, "अहो, घर तुम्ही रोज बघता!" एक बाई अंधारातून म्हणाल्या, "रोज आतून बघतो हो."

खरं सांगते, लोक त्या फळ्यांसाठी यायचे. ज्याचं घर फळीवर होतं तो ताठ मानेनं बाहेर पडायचा, जशी काही त्याची सरकार-दरबारी नोंद झालीय. आणि हे सगळं बघत मी रविवारपर्यंतचे दिवस मोजत होते. शेवटी रविवार आला.

बाबांनी दाढी दोनदा केली. आईनं ठेवणीतले कपडे काढले, आत्यानं कानात कापसाचे बोळे घातले, ताऱ्यांचा आवाज होतो असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. तिघं पाचव्या रांगेत बसली. मी मुद्दाम लांबच्या दाराशी उभी राहिले.

दिवे उतरले. तांबडा उजेड राहिला. बाबांचा आवाज आलाच. "हं, आता माझ्या बोटाकडे बघ. ती गिरणी. तो शाळेचा कठडा, तो आपल्या पोरीनं कापलाय. ते लाँड्रीचं धुराडं. आणि त्याच्या शेजारी..."

बोट हवेतच राहिलं.

"त्याच्या शेजारी काय?" आईनं विचारलं.

"थांब," बाबा म्हणाले. "गिरणी. शाळा. लाँड्री." परत. "गिरणी. शाळा." आणि मग ते उठून उभे राहिले. भर खेळात, पाचव्या रांगेत, दोन्ही हात पुढच्या खुर्चीवर टेकून.

"ओ, बसा खाली!" मागून आरडाओरडा. "आभाळ दिसत नाहीये!" "सुतारकाका, तुमचं कुंपण बघून झालं असेल तर बसा!" आत्याच्या कानात बोळे, ती सगळ्यांच्या वर ओरडली, "सगळ्या गावाची घरं काढलीस आणि स्वतःचं विसरलास की काय रे?" लोक फिसकन हसले.

घड्याळवाल्याची मुलगी माझ्या कोपराला टोचून म्हणाली, "जा ना, तुझ्या बाजूला आहेत ते."

उभ्या माणसाला बसवणं हे माझं काम. मी गेले. बॅटरी पेटवली. तोंडावर मारायची नसते, पायाशी मारायची असते, आम्हाला तसं शिकवलं होतं, पण मी घाईत बॅटरी वर धरली, झोत थेट त्यांच्या तोंडावर पडला. डोळे बारीक करून बाबा माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हटलं, "अहो, खाली बसा. लोकांना त्रास होतोय."

बाबा नाही म्हटलं. मी त्यांना बाबा नाही म्हटलं. अनोळखी माणसाला म्हणतात तसं म्हटलं.

त्यांनी माझा आवाज ओळखला नसेल का? काठ मापायला डोळे लागतात, पोरीचा आवाज ओळखायला काय लागतं? ते म्हणाले, "हो हो. बसतो हं, बाई." आणि बसले. पुढचा तासभर वरबघा सरांचं ऐकणारा अख्ख्या घुमटात तो एकटाच माणूस होता. मान वर करून बसून राहिले, खाली बघितलंच नाही.

संध्याकाळी घरी आईनं ठेवणीतले कपडे परत घडी करून ठेवले. बाबांनी ताट पुढे सरकवलं आणि मला विचारलं, अगदी हळू, त्यांच्या आवाजाला न शोभेल इतकं हळू, "तू होतीस ना गं तिथे? आपण काढलं होतं ना? डब्याची टोपी मी स्वतः कापली. माझ्या हाताला आठवतंय."

तेव्हा तरी सांगायचं होतं. मी कपाळावर आठ्या घातल्या, आठवायचं नाटक केलं, आणि म्हटलं, "नाही बाबा. लाँड्रीनंतर सरळ वखारच होती. तुम्हाला काढायचं होतं, पण मग राहून गेलं."

बाबांनी मान हलवली. म्हणाले, "असं का." मग ताट आईकडे सरकवत म्हणाले, "आमच्या बाबांचं असंच सुरू झालं होतं."

आमचे आजोबा शेवटी आरशातल्या माणसाला या-बसा म्हणायचे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवसापासून बाबांनी टेप खरोखर वापरायला घेतली. एकदा मापायचे, भिंतीवर लिहायचे, परत मापायचे, परत लिहायचे. भिंतभर आकडे झाले. एक खिडकी करायला त्यांना तीन आठवडे लागले. कापण्याआधी मला हाक मारायचे, "इथेच खूण आहे ना? तुलाही दिसतेय ना?" मला ती हाक ऐकवेनाशी झाली. आई त्यांना चष्मेवाल्याकडे घेऊन गेली. त्यानं तपासून सांगितलं, नजर घारीची आहे. माणूस अशानं खूश होईल की नाही? बाबा आणखीच खचले. म्हणाले, "मग बिघाड डोळ्यांत नाही. त्याच्या मागे आहे."

शाळेनं बाकांचं काम देऊ केलं, ते त्यांनी परत पाठवलं. "पोरांच्या अंगावर बाक मोडला तर? मी ठोकला असं वाटेल आणि ठोकलेला नसेल." आत्या रोज काहीतरी टोचून बोलायची, तीही एक दिवस गप्प झाली आणि त्यांच्या खुर्चीत उशी आणून ठेवली. ती उशी बघून मला दरदरून घाम फुटला. आत्यानं उशी ठेवणं म्हणजे डॉक्टरनं हात टेकण्यासारखं होतं.

आणि मी? मी रोज निळा कोट घालून जात होते. घड्याळवाल्याच्या मुलीनं एकदा विचारलं, "खुराडं कुठे गेलं गं?" मी म्हटलं, "उडालं असेल." ती हसली नाही. तिला त्याचा कंटाळा आला होता. तिच्यासाठी ती चार दिवसांची गंमत होती, बस.

मग एका शनिवारी बाबांनी सांगितलं, सोमवारपासून ते वखारीत राखणदार म्हणून बसणार. स्टुलावर बसायचं, आत-बाहेर जाणाऱ्या गाड्या बघायच्या. "बघायचं काम आहे," म्हणाले, "कापायचं नाही." आणि रविवारी दुपारी ते हत्यारं पुसायला बसले. प्रत्येक पटाशीला तेल लावत होते, फडक्यात गुंडाळत होते, गाठ मारत होते. माझी बारीक पात्याची करवत त्यांनी उचलली, मूठ माझी होती म्हणून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "ही तुझ्याकडे ठेव. तुझा हात चांगला आहे."

तुझा हात चांगला आहे, म्हणे.

मी आत गेले, गादी उचलली, तो तुकडा आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. बसकं छप्पर, कललेला डबा, डब्याची टोपी. म्हटलं, "बाबा, तुम्ही काढलं होतं. मी कापलं. ती सगळी हसत होती म्हणून मी कापलं. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले." हे सगळं एका दमात. आई दारात होती, तिच्या हातातलं फडकं खाली पडलं.

बाबांनी तुकडा उचलला. टोपीवरून बोट फिरवलं. मग उलटा करून खालचा काठ बघितला, माझ्या करवतीचा, एक डोळा मिटून, टेपबिप काही न घेता. आणि माझे बाबा हसले हो! पोट धरून, खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, "कापलंस ते कापलंस, पण पोरी, सरळ कापलंस! एक सूत इकडे नाही की तिकडे नाही!" आईही हसायला लागली, आत्यानं ती उशी उचलून मला मारली, आणि सोमवारी बाबा वखारीत गेलेच नाहीत. तारांगणात गेले, ते घर परत बसवलं, आणि पुढची वीस वर्षं सुतारकी केली. तुमच्यापैकी निम्मे ज्या बाकांवर शिकले ते त्यांचेच.

इथे गोष्ट संपते, आणि इतकी वर्षं मी ती इथेच संपवत आलेय. लोक हसतात, कोणीतरी चहा टाकतं.

नका टाकू. बसा जरा.

बाबा वखारीत गेले नाहीत हे खरं. घर परत बसवलं हे खरं, आणि बाकही खरे. हसले तेवढं मी घातलेलं आहे. कोणीच हसलं नाही. आई फडकं उचलून आत गेली. बाबांनी काठ बघितला, एक डोळा मिटून, तसाच. आपलं डोकं ठिकाणावर आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं असणार, त्यांच्या खांद्यांवरून ते मला दिसलं. मी वाट बघत होते, आता रागावतील, आता मारतील. त्यांनी तुकडा सरळ धरला, हात लांब करून, काचेतून बघायचे तसा. आणि मला विचारलं, "इतकं वाईट दिसतं का गं?"

माझ्याकडे कशालाही उत्तर असतं, तुम्हाला माहीत आहे. तेव्हा एकच होतं. मी म्हटलं, "बाहेरून दिसतं, बाबा."

"बाहेरून," ते म्हणाले. मग तुकडा फडक्यात गुंडाळला, हत्यारांच्या पेटीत सगळ्यांत वर ठेवला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तिथे स्क्रू असतील का, की घरून नेऊ?"